‘याची सवय लागत नाही’ हे अर्धंच उत्तर झालं

नैराश्याची किंवा चिंतेची गोळी पहिल्यांदा लिहून दिली की जवळजवळ प्रत्येक पेशंट एकच प्रश्न विचारतो. “डॉक्टर, याची सवय तर नाही ना लागायची?” आणि आम्ही डॉक्टर मंडळी हातातलं पेनही खाली न ठेवता सांगतो, “नाही, अजिबात नाही.” विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. गोळी सुरू होते, महिन्या-दीड महिन्यात बरं वाटायला लागतं. पुढे सहा-आठ महिन्यांनी तो आपल्या मनानेच गोळी बंद करतो, कारण सवय लागत नाही असं डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यात करंट बसायला लागतो.

हा लेख त्या करंटविषयी आहे, आणि त्याहून जास्त आमच्या त्या उत्तराविषयी आहे. ते उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. त्या अर्ध्या उत्तराची किंमत शिरूर आणि दौंड तालुक्यातला माणूस पैशात, कामाच्या खाड्यात आणि भीतीत मोजतो. हे मला संतापजनक वाटतं आणि तसं स्पष्ट लिहिणं गरजेचं वाटतं.

आधी पेशंट काय सांगतात ते पाहू, कारण वर्णन फार नेमकं असतं. “डोळे एका बाजूला फिरवले की डोक्यात चर्रकन होतं.” “ट्यूबलाइट लागताना फडफडते ना, तसा मेंदू फडफडतो.” “शेताच्या कुंपणाला झटका मशीन लावलेलं असतं, त्याला डोकं टेकल्यासारखं वाटतं. दुखत नाही, पण दचकायला होतं.” काहींना झटक्याबरोबर कानात ‘झूं’ असा आवाज येतो. काहींना क्षणभर आपण जागेवरून हललो असं वाटतं, पाय लटपटतात आणि परत सगळं ठीक. एक झटका सेकंदभराचाच, पण दिवसात असे किती येतील याला धरबंद नाही. जोडीला मळमळ, घाम, अंग मोडून येणं, विचित्र आणि अगदी खरी वाटणारी स्वप्नं, झोप न लागणं, उगाच रडू येणं, घरच्यांवर खेकसणं. इंग्रजीत या झटक्यांना ‘ब्रेन झॅप’ म्हणतात. मराठीत ‘डोक्यातला करंट’ हा पेशंटचाच शब्द मला जास्त बरोबर वाटतो.

आता हा माणूस कुठे कुठे जातो ते बघा. पहिल्यांदा गावातच, ‘बीपी लो झाला’ म्हणून सलाइन लावून घेतो. मग कुणीतरी मानेचा एक्स-रे काढायला सांगतं. चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या मानेच्या एक्स-रेत काहीतरी सापडतंच, त्यामुळे गळ्यात पट्टा येतो. मग चक्करेची गोळी. तरी थांबलं नाही की शिरूरहून नगर रोडने किंवा दौंडहून गाडीने पुण्याला, आणि तिथे एमआरआय. एमआरआय नॉर्मल येतो, येणारच, कारण हे झटके एमआरआयमध्ये दिसणारी गोष्टच नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं ऐकून घ्यायचं आणि परतीची वाट धरायची. इकडे घरात कुणीतरी ‘बाहेरचं आहे का ते बघून घ्या’ म्हणायला सुरुवात केलेली असते. या सगळ्या फेरीत “गेल्या पंधरा दिवसांत कुठली गोळी बंद केलीत का?” हा एक प्रश्न विचारायला दहा सेकंदं लागली असती. त्याला फी पडत नाही.

त्यातूनही कुणी विचारलंच, तर बऱ्याचदा पुढचं वाक्य येतं: “बघा, गोळी सोडली आणि आजार परत आला. आता ही जन्मभर घ्यावी लागेल.” हे मला सलाइनपेक्षाही जास्त खटकतं. तपासणी न करता दिलेली ती जन्मठेप असते.

आजार उलटणं आणि गोळी सुटल्याचा त्रास यांत फरक करता येतो. गोळी सुटल्याचा त्रास सहसा दोन-चार दिवसांत सुरू होतो, नैराश्य परतायला बहुधा आठवडे किंवा महिने लागतात. गोळी सुटल्यावर अशा गोष्टी होतात ज्या मूळ आजारात कधी नव्हत्या: करंट, तोल जाणं, मळमळ. ज्या माणसाला नैराश्यात कधी डोक्यात झटके बसले नाहीत, त्याला आता बसतात याचा अर्थ नैराश्य परत आलं असा कसा निघेल? आणि तिसरी खूण सगळ्यांत बोलकी: तीच गोळी परत सुरू केली की गोळी सुटल्याचा त्रास एक-दोन दिवसांत, फार तर काही दिवसांत ओसरतो. नैराश्यावर गोळीला काम करायला काही आठवडे लागतात, ते तुम्ही पहिल्या वेळी अनुभवलेलं असतंच. अर्थात रडू येणं, चिडचिड, झोप उडणं ही लक्षणं दोन्हीकडे असतात, म्हणून घाईने निर्णय करू नये.

मेंदूत नेमकं काय होतं

आपल्याकडे सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या या गोळ्या, म्हणजे एसिटॅलोप्राम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन, या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतात. मेंदूच्या पेशी हे रसायन बाहेर सोडतात आणि एका पंपाने परत आत ओढून घेतात. गोळी तो पंप बऱ्यापैकी बंद करते. बाहेर सेरोटोनिन जास्त वेळ राहतं. मेंदू काही आठवड्यांत या नव्या परिस्थितीशी जुळवून घेतो, आपली ग्रहणकेंद्रं त्याप्रमाणे लावून घेतो. एक दिवस गोळी थांबते, पंप पुन्हा पूर्ण जोराने चालू होतो, पण मेंदूची मांडणी मात्र गोळी असतानाचीच राहिलेली असते. ती पूर्ववत व्हायला गोळी रक्तातून जायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. मधल्या काळातला गोंधळ म्हणजे हा त्रास. झटक्यांची नेमकी वायरिंग विज्ञानाने अजून उलगडलेली नाही. पण डोळे डावी-उजवीकडे फिरवल्यावर ते येतात हे पेशंट अनेक वर्षं सांगत होते आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ते ठळकपणे नोंदवलं गेलं. म्हणजे “डोळं फिरवलं की होतंय” म्हणणारी मावशी भ्रमात नव्हती.

कोणत्या गोळीने जास्त त्रास होतो, याचं गणित बऱ्याच अंशी ती शरीरातून किती वेगाने जाते यावर आहे. व्हेनलाफॅक्सिन पाच-एक तासांत निम्मं होतं, त्यापासून शरीरात तयार होणारं औषध साधारण अकरा तासांत. म्हणून काहींना त्याचा एक डोस चुकला तरी संध्याकाळी करंट सुरू होतो. पॅरॉक्सेटिन एका दिवसात निम्मं होतं आणि सोडताना फार छळतं. एसिटॅलोप्राम, सर्ट्रालीन यांना निम्मं व्हायला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो. फ्लुऑक्सेटिन मात्र दिवसेंदिवस रेंगाळतं, ते स्वतःच स्वतःला हळूहळू कमी करतं, त्यामुळे त्याचा त्रास कमी आणि आला तरी उशिरा.

‘सवय’ या शब्दाची गडबड

मराठीत ‘सवय लागणं’ या एका शब्दात दोन गोष्टी कोंबलेल्या आहेत. एक म्हणजे व्यसन: मन ओढ घेतं, डोस वाढवावा लागतो, त्यासाठी माणूस घरातली भांडी विकतो. त्या अर्थाने या गोळ्यांची सवय लागत नाही. एसिटॅलोप्रामसाठी कुणी रात्री अकराला मेडिकलचं शटर वाजवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अंगवळणी पडणं: शरीर त्या औषधाला धरून बसतं आणि ते अचानक काढलं की अडखळतं. त्या अर्थाने सवय लागते. कालव्याच्या आवर्तनाच्या भरवशावर ऊस लावला आणि आवर्तन एकदम बंद झालं, तर ऊस वाळतो. उसाला पाण्याचं व्यसन लागलं होतं असं कुणी म्हणत नाही. पण पाणी कधीही तोडा, काही होत नाही, असंही कुणी शेतकऱ्याला सांगत नाही.

आम्ही पेशंटला नेमकं तेच सांगतो. ही माहिती काल-परवाची असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. नैराश्यावरचं पहिलं मोठं औषध इमिप्रामिन १९५० च्या दशकाच्या शेवटी आलं आणि ते बंद केल्यावर त्रास होतो हे १९५९ सालीच वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे नवीन गोळ्या आल्या, त्रास तोच राहिला, पण १९९० च्या दशकात त्याला ‘डिसकंटिन्युएशन सिंड्रोम’ असं मवाळ नाव रूढ झालं. दारू आणि अफू सोडल्यावर वापरतात तो ‘विथड्रॉवल’ हा शब्द औषध कंपन्यांना सोयीचा नव्हता. ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून दशकभर सांगत होती की हा त्रास सौम्य असतो आणि आठवड्याभरात आपोआप जातो. २०१९ साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या कॉलेजने जाहीरपणे मान्य केलं की काही लोकांना तो तीव्र आणि लांबणारा असू शकतो. त्याच वर्षी ते सरकारी वाक्यही बदललं. आपल्याकडच्या ओपीडीत अजून २००९ चालू आहे.

आकड्यांबद्दल तज्ज्ञांत भांडण आहे, तेही सांगायला हवं. २०१९ च्या एका आढाव्यात गोळी सोडणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना त्रास होतो असं मांडलं गेलं. २०२४ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त ७९ अभ्यास आणि सुमारे २१ हजार लोकांचा मोठा आढावा आला. त्यात गोळी सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं आली, पण खोटी गोळी सोडणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना आली. म्हणजे खुद्द औषधामुळे त्रास होणारे साधारण सहा-सात जणांत एक, आणि तीव्र त्रास होणारे पस्तिसात एक. यातल्या बऱ्याच अभ्यासांतल्या लोकांनी गोळ्या थोडेच महिने घेतल्या होत्या. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना त्रास जास्त होण्याची शक्यता असते. मी सर्वांत कमी आकडा धरायला तयार आहे. सात जणांत एकाला होणारा त्रास आधी सांगायचा नाही, हे कोणत्या नियमात बसतं? अँटिबायोटिकने जुलाब होऊ शकतात हे आपण सांगतोच ना.

यावर माझे काही सहकारी म्हणतात, “आधीच लोक मानसोपचाराची गोळी घ्यायला घाबरतात. हे सांगितलं तर घेणारच नाहीत.” हा मुद्दा मी हलका समजत नाही. नैराश्य जीव घेतं, आणि गोळीच्या भीतीने उपचाराबाहेर राहिलेली माणसं दोन्ही तालुक्यांत आहेत. पण प्रत्यक्षात काय होतं पाहा. न सांगता गोळी दिली, माणसाने ती अचानक सोडली, करंट बसला, तो घाबरला. मग पारावर, डेअरीवर, लग्नाच्या मांडवात तो काय सांगतो? “त्या गोळ्यांच्या नादी लागू नका, माझा मेंदू हलला होता.” अशा एका माणसाचं ऐकून पुढचे दहा उपचाराला यायचे थांबतात. ज्याला आधी सांगितलं होतं की अचानक सोडलीस तर असं होईल, त्याला तसं झालं तर तो आपल्याला फोन करतो.

आपल्या भागात गोळी तुटते कशी

पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘पेशंटने डॉक्टरांशी चर्चा करून औषध थांबवावं’. आपल्याकडे औषध असं थांबत नाही, ते तुटतं.

आषाढी वारीला निघताना तुटतं. तुकोबारायांची पालखी यवत, वरवंडवरून जाते. तीन आठवड्यांच्या वाटेवर माणूस बीपीची गोळी आठवणीने पिशवीत टाकतो आणि ‘डोक्याची गोळी’ घरी ठेवतो, कारण माउलीच्या वाटेवर कसलं आलंय टेन्शन. चौथ्या मुक्कामाला गरगरायला लागतं आणि सगळे म्हणतात, ऊन लागलं. श्रावणात, नवरात्रात ‘उपवासाला गोळी चालत नाही’ म्हणून तुटतं. ऊसतोड मजूर हंगामाला येतात, त्यांच्या गावच्या डॉक्टरांनी महिन्याची गोळी दिलेली असते आणि हंगाम पाच महिन्यांचा असतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्ट बदलली की सकाळची गोळी रात्रीवर जाते, रात्रीची राहून जाते. मुलीचं लग्न ठरलं की सासरच्यांना दिसू नये म्हणून पाकीट फेकलं जातं. दिवस गेल्याचं कळलं की त्याच संध्याकाळी आई गोळी बंद करते. (इथे तर विशेष सांगणं आहे: दिवस गेल्यावर अचानक बंद करू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.) आणि पुष्कळदा पैसे नसतात, एवढंच.

याहून मोठी पंचाईत अशी की कित्येकांना आपण नैराश्याची गोळी घेतोय हेच माहीत नसतं. ड्युलॉक्सेटिन कंबरदुखीसाठी आणि मधुमेहातल्या पायांच्या जळजळीसाठी दिलं जातं, ॲमिट्रिप्टिलीन अर्धशिशीसाठी, पॅरॉक्सेटिन पुरुषांच्या शीघ्रपतनासाठी. औषधं योग्यच आहेत. पण चिठ्ठीवर आणि बोलण्यात ती ‘नसांची गोळी’ असते. पायाची जळजळ थांबली म्हणून नसांची गोळी बंद करणाऱ्या आजोबांना डोक्यातल्या करंटचा संबंध तिच्याशी कसा लावता येईल?

आणि आता ज्या गोष्टीवर मला खरं भांडायचं आहे ती. आपल्या देशात एसिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात, आणि ही जोडगोळी सर्रास लिहिली जाते. क्लोनाझेपाम हे झोप आणणारं, घबराट लगेच शमवणारं औषध. पेशंटला पहिल्या रात्रीच बरं वाटतं, डॉक्टरांचं नाव होतं. पण क्लोनाझेपामची सवय लागते, दोन्ही अर्थांनी लागू शकते. ते साधारणपणे थोडे आठवडे द्यायचं औषध आहे. एसिटॅलोप्राम मात्र बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायचं असतं. दोन्ही एका गोळीत बांधली की एक थोडक्यात थांबवता येत नाही आणि दुसरं नीट चालू ठेवता येत नाही. अशी गोळी वर्षभर घेऊन अचानक सोडली तर एका वेळी दोन औषधं सुटतात, आणि त्यातलं क्लोनाझेपाम एकदम सुटणं धोक्याचं असतं. त्याने फिट येऊ शकते. नुसत्या एसिटॅलोप्रामच्या करंटने माणूस घाबरतो, पण त्याच्या जिवाला सहसा धोका नसतो. जोडगोळीचं तसं नाही. त्या पेशंटला ‘सवय लागत नाही’ सांगणं ही अर्धी गोष्ट नाही, ती सरळ चूक आहे. तुमच्या पाकिटावर दोन नावं असतील तर हा लेख वाचून गोळी बंद करायला जाऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

झटके बसत असतील तर

सर्वांत आधी, हे झटके म्हणजे फिट नव्हे, लकवा नव्हे, आणि मेंदू कायमचा बिघडल्याचं लक्षण नव्हे. बहुतेकांना ते काही दिवसांत ते काही आठवड्यांत कमी होत जातात, थोड्यांना महिने लागतात.

गोळी नुकतीच सोडली असेल आणि त्रास सहन होत नसेल, तर ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना गाठा. बहुतेक वेळा शेवटचा सोसवलेला डोस परत सुरू करून मग तो फार हळू उतरवणं हाच उपाय असतो. हे हार मानणं नव्हे. गोळी सोडून बरेच आठवडे झाले असतील तर मात्र जुना पूर्ण डोस आपल्या मनाने घेऊ नका.

झटके असेपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी आणि विहिरीचा काठ यांच्यापासून लांब राहा. झटका डोळे बाजूला फिरवल्यावर येतो, आणि चौफुल्याला रस्ता ओलांडताना डावी-उजवीकडे बघावंच लागतं. बाजूला बघायचं तर नुसते डोळे न फिरवता मान आणि खांदे सावकाश वळवा, याने काहींना फरक पडतो. अंधारात झोपून मोबाइल सरकवत राहिल्याने त्रास वाढतो असं बरेच जण सांगतात. झोप पुरेशी, जेवण वेळेवर, दारू पूर्ण बंद. दारूने झोप येते असं वाटतं, पण ती झोप आणि मूड दोन्ही बिघडवते. झटक्यांवर म्हणून विकल्या जाणाऱ्या तेल-कॅप्सूल, पावडरी यांच्यामागे भरवशाचा पुरावा नाही, पैसे वाचवा. घरच्यांना सांगून ठेवा की पुढचे काही दिवस मी चिडेन, ते गोळीचं आहे. सुनेने किंवा नवऱ्याने ते मनावर घेतलं नाही तरी निम्मं काम होतं.

पण सगळंच करंटच्या खात्यात टाकू नका. शुद्ध हरपली, हातपाय आकडले, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका बाजूची ताकद गेली, आयुष्यात कधी झाली नाही एवढी डोकेदुखी झाली, तर ताबडतोब दवाखाना. मरणाचे विचार येत असतील तर एकटे राहू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही २०२२ पासून सुरू असलेली सरकारी टेली-मानस सेवा आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, दिवस-रात्र चालू असते.

शेवटची पायरी सर्वांत उंच

गोळी सोडताना बहुतेकांना सांगितलं जातं: वीसची दहा करा, दहाची पाच, मग बंद. कागदावर सारख्या पायऱ्या दिसतात, मेंदूत त्या सारख्या नसतात. सिटॅलोप्रामचे, म्हणजे एसिटॅलोप्रामच्या थोरल्या भावाचे, आकडे उपलब्ध आहेत. ४० मिलिग्रॅमला मेंदूतले सुमारे ८६ टक्के पंप बंद असतात. २० ला सुमारे ८०. म्हणजे डोस निम्मा केला तरी परिणाम जेमतेम सहा टक्क्यांनी कमी झाला. ९ मिलिग्रॅमला ७० टक्के. सव्वादोन मिलिग्रॅमला अजून ४० टक्के. एक मिलिग्रॅमच्याही आत गेल्यावर २० टक्के. याचा अर्थ वरच्या पायऱ्या बोटभर उंचीच्या आहेत, आणि शेवटी पाचावरून शून्यावर येणं म्हणजे माडीवरून अंगणात उडी मारणं आहे. लोक म्हणतात, “दहापर्यंत काहीच झालं नाही, एकदम शेवटी करंट सुरू झाला.” होणारच. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये हे गणित मांडलं. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही डोस जितका खाली तितकी पायरी लहान, असंच सांगितलं आहे.

म्हणून पाचची अडीच करावी, त्यावर काही आठवडे थांबावं, मग त्याहून कमी. दर पायरीनंतर दोन ते चार आठवडे बघावं, त्रास झाला तर थांबावं. काहींचं महिन्याभरात होतं, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना कित्येक महिने लागू शकतात. ‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्ला मात्र एसिटॅलोप्राम, पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिनसारख्या गोळ्यांना योग्य नाही. त्यात दर दुसऱ्या दिवशी तुम्ही छोटीशी गोळी-तोड करत असता. शिवाय हळू विरघळणाऱ्या गोळ्या आणि ड्युलॉक्सेटिनच्या कॅप्सूल घरी तोडू-कुटू नयेत. तिथे दुसरी गोळी देऊन उतरवण्यासारखे मार्ग असतात, ते डॉक्टरांचं काम आहे.

आणि प्रत्येकाने गोळी सोडावीच असंही नाही. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या, बऱ्या झालेल्या ४७८ लोकांवर अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचा आजार उलटला, हळूहळू बंद करणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांचा. ज्यांना नैराश्याचे अनेक झटके येऊन गेले आहेत त्यांनी निदान दोन वर्षं तरी थांबण्याचा विचार करू नये. बंद करणाऱ्यांपैकी ४४ टक्के ठीक राहिले, हेही त्याच अभ्यासात आहे. निर्णय माणसागणिक वेगळा होईल. तो घ्यायला आधी खरी माहिती हातात हवी.

माझ्या व्यवसायबंधूंकडे माझं मागणं मोठं नाही. गोळी सुरू करताना चिठ्ठीवर मराठीत तीन ओळी लिहा: ही गोळी कशासाठी, साधारण किती महिने, आणि मनाने एकदम बंद करू नये, बंद करताना हळू उतरवायची आहे. जोडगोळीऐवजी दोन औषधं वेगळी लिहा. करंटची तक्रार घेऊन येणाऱ्याला एमआरआयला पाठवण्याआधी त्याची औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगा. मेडिकलवाल्यांना विनंती, पाकीट देताना ‘ही संपायच्या आठ दिवस आधी या’ एवढं म्हणा. दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या पेशंटची गोळी साठा संपल्यामुळे तुटू नये, हे बघणं शासनाचं काम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आहे, आणि तुटक मिळणाऱ्या गोळ्यांनी तो हक्क पुरा होत नाही.

वाचकांपैकी ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी आज घरी गेल्यावर पाकीट उलटं करून त्यामागचं औषधाचं नाव वहीत लिहून ठेवा, ब्रँडचं नाही, त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं. पाकिटात सात गोळ्या उरल्या की डॉक्टरांची वेळ घ्या. पुढच्या भेटीत “सवय लागते का?” असं न विचारता “ही बंद कशी करायची?” असं विचारा, आणि उत्तर लिहून मागा.